वाटणीचं इंजिन

टिलरच्या इंजिनाला कार्बोरेटर नाही आणि मॅग्नेटची कॉइलही नाही, हे अदहमला पत्र्याचं झाकण काढल्यावर कळलं. गावाला ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

"आई, चोरी झालीय," तो गोठ्यातून ओरडला. "अगदी माहितगार चोर आहे. बाकी कशाला हात लावला नाही, दोनच गोष्टी काढून नेल्यात. आणि स्क्रूसुद्धा परत जागच्या जागी बसवून गेलाय!"

बहीजा गोठ्याच्या दारात मसूर निवडत बसली होती. तिने ताटातला एक खडा उचलला, नीट पाहिला आणि लांब फेकला.

"चोरी नाही रे. वाटणी झालीय."

अदहम काळे हात घेऊन बाहेर आला. "इंजिनाची वाटणी?"

"तुझ्या आजोबांच्या मागे सगळ्याचीच झाली. इंजिनाने काय पाप केलं होतं?"

आजोबा गेले तेव्हा अदहम बैरूतच्या छापखान्यात नुकता लागला होता. गावातल्या बारीकसारीक गोष्टी त्याच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या, आणि पोचल्या असत्या तरी त्याने कान दिला नसता. ऐन-लोझ गावच्या डोंगरातले, पायऱ्यांसारख्या शेतांचे सगळे टप्पे त्या वेळी तीन भावंडांत वाटले गेले. वाटणी करणारे म्हातारे न्यायाचे इतके पक्के, की एक भाऊ वरचे टप्पे आणि दुसरा खालचे असं त्यांनी केलं नाही. वरच्यांना ऊन जास्त आणि खालच्यांना पाणी जास्त, म्हणून प्रत्येक टप्प्याचे तीन तुकडे पाडले. अक्रोड मोजले, तांब्याची पातेली मोजली. उरला टिलर. म्हाताऱ्यांनी सुचवलं, विका आणि पैसे वाटून घ्या. त्यावर दोघे भाऊ एकदमच उसळले. बाबांनी इटलीहून मागवलेलं, पोटच्या पोरासारखं जपलेलं यंत्र परक्याच्या हाती द्यायचं? छे! मग थोरल्या शकीबने कार्बोरेटर खोलून घेतला, धाकट्या मुनीफने कॉइल, आणि धड ठेवलं मधल्या बहिणीच्या गोठ्यात. कुणालाही टिलर हवा असेल तर इतर दोघांना बोलवावं लागेल, म्हणजे भावंडं दर वसंतात एकत्र येतील. हे शहाणपण गावाला इतकं आवडलं, की पुढे दोन घरांनी तेलाच्या घाण्याचंही तसंच केलं.

तीन-चार वसंत ते जमलंही. मग दोघे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले आणि टिलर गोठ्यातच राहिला.

"म्हणजे दोन्ही भाग गावातच आहेत," अदहम म्हणाला. त्याचा चेहरा उजळला, आणि ते पाहून बहीजाने मसूर निवडणं थांबवलं. पोराला आशा लावणं सोपं असतं, पण ती पुरी करायची तर तिच्या भावांशी गाठ होती.

छापखाना बंद पडल्यापासून अदहम घरी होता. कुवेतला एका हॉटेलच्या धोबीखान्यात त्याच्यासाठी जागा धरलेली होती आणि बुधवारचं तिकीट हातात होतं. आईला तो स्वच्छ बोलला होता. टप्प्यांत भाजी लावली तर पोट भरेल, शहरातले लोक आता डोंगरातली भाजी शोधत येतात. पण कुदळीने एवढे टप्पे माझ्याने खणून होणार नाहीत. टिलर चालू झाला तर थांबतो. नाही झाला तर जातो. भाड्याचा ट्रॅक्टर त्या अरुंद पायऱ्यांवर चढत नव्हता, नवा टिलर घेण्याची गोष्टच नको, आणि जमीन तर शेवटच्या पावसाच्या ओलीवर उभी होती. आठवडाभरात ती विटेसारखी कडक झाली असती.

हे पोर बापासारखं बोलण्याला पक्कं होतं. तेवढंच बहीजाला भीती घालायला पुरेसं होतं.

अदहमने मात्र अर्धं काम केलंच होतं. प्लगच्या भोकातून तेल सोडून अडकलेला पिस्टन त्याने दोन दिवस मुरत ठेवला, मग लाकडाच्या ठोकळ्याने हलके ठोके देत सोडवला. पंख्याच्या जाळीतून उंदराचं घरटं निघालं. टाकीत मूठभर खडी आणि रॉकेल घालून ती तो इतका वेळ खुळखुळवत बसला, की शेजारीण विचारायला आली, घरात तान्हं बाळ आलंय का म्हणून. गंजलेली पाती लोहाराकडून सरळ करून आणली. पण ठिणगी आणि पेट्रोल ही दोन्ही मामांच्या घरी होती.

बहीजा आधी थोरल्याकडे गेली. शकीब अंगणात पांढरी टोपी गुडघ्यावर ठेवून उन्हात बसला होता.

"देतो की," तो म्हणाला. "भाच्यासाठी जीव देईन. पण आधी तुझ्या भावाने कॉइल आणून द्यावी."

"माझा भाऊ? तुझा कोण लागतो मग?"

"ते त्यालाच विचार."

मग ती खाली धाकट्याकडे गेली. मुनीफ मधाच्या पेट्या रंगवत होता. त्याने ब्रश खाली ठेवलाच नाही. गावच्या रीतीने त्याने बहिणीला मुलाच्या नावाने हाक मारली, आणि थोरल्या भावाचं नावही त्याच्या मुलावरूनच घेतलं.

"उम्म अदहम, मी नाही म्हटलंय का? आधी अबू फारिसने द्यावा कार्बोरेटर. थोरला आहे ना तो? मग मोठेपणही त्यानेच दाखवावं."

"आणि तू कधी दाखवणार?"

"थोरला झालो की."

बहीजा चढ चढून घरी आली तेव्हा तिला दम लागला होता आणि रागही आला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही अजून धडधाकट होता. रागाच्या भरात तिने मत्तेची, त्या कडवट पाल्याच्या चहाची, किटली चुलीवर ठेवली, आणि पाणी तापता तापता तिच्या डोक्यात जे आलं, त्याने तिचा राग उतरला.

रविवारी दुपारी तिने दोघांना वेगवेगळा निरोप धाडला. मत्ते प्यायला ये. येताना तुझा भाग घेऊन ये, अदहमला नुसतं माप घ्यायचंय. दुसराही येणार आहे, हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

शकीब आधी आला. बहीजाने त्याला खिडकीजवळची उशी दिली, मध्ये अक्रोड, मनुका आणि हिरव्या बदामांचं ताट ठेवलं, आणि ती स्वतः किटलीपाशी बसली. भोपळ्याच्या तुंब्यात पाला भरला, प्यायची नळी खोवली, पहिला तुंबा रीतीप्रमाणे स्वतः प्यायली. मग लिंबाच्या सालीने नळी पुसून दुसरा भरला, पण हातातच धरून ठेवला. तिचा कान पायवाटेकडे होता.

"अगं, देतेस का नुसता दाखवतेस?" शकीब म्हणाला.

"जरा निवू दे. जीभ भाजेल."

"साठ वर्षांत भाजली नाही ती आज भाजणार होय?"

पायवाटेवर खडे वाजले. बहीजाने चटकन तुंबा त्याच्या हातात दिला. भरलेला तुंबा हातात असताना कुणी उठत नाही. तळाशी नळी गुरगुरेपर्यंत प्यायचं, आणि मगच परत द्यायचा. शकीबने पहिला घोट घेतला आणि दारात मुनीफ उभा राहिला.

अदहम कोपऱ्यात बदाम मिठात बुडवत होता, त्याचा हात तिथेच थांबला.

"तुझ्याकडे पाहुणे आहेत," मुनीफ म्हणाला. "मी नंतर येतो."

"पाहुणे कुठले? भाऊ आहे माझा. बैस. का माझ्या घरचं पाणी आता कडू लागतं?"

मुनीफ बसला. शक्य तेवढा लांब, दाराजवळच्या उशीवर, एक पाय बाहेर असल्यासारखा. शकीबने तुंबा संपवून परत दिला, पण तोंडातून शब्द काढला नाही. मत्तेच्या गोलात तुंबा परत देताना 'शुक्रन', म्हणजे धन्यवाद, म्हटलं, की तुमचं पिऊन झालं. मग गोल तुमच्यावाचून पुढे जातो आणि तुम्ही उठायला मोकळे. धाकटा येताच थोरला उठला, म्हणजे तो त्याच्यासमोर हरला, असा गावभर अर्थ झाला असता. बहीजाला हे पक्कं ठाऊक होतं. तिने नळी पुसली, तुंबा भरला आणि मुनीफच्या हातात दिला. त्यानेही तो संपवला. शुक्रन काही म्हटलं नाही.

पुन्हा शकीब. पुन्हा मुनीफ. मध्ये एखादा अदहमला. किटली संपली, दुसरी चढली.

"उम्म अदहम," शकीब छताकडे पाहत म्हणाला, "तुझ्या धाकट्या भावाला विचार, यंदा मधमाश्या कशा आहेत."

"उम्म अदहम," मुनीफ ताटाकडे पाहत म्हणाला, "तुझ्या थोरल्या भावाला सांग, बऱ्या आहेत. एका पोळ्यात नांदतात. माणसांसारख्या नाहीत."

"सांग त्याला, पोळ्यात राणी एकच असते म्हणून नांदतात."

"सांग त्याला, म्हातारी झाली की तिलाही बदलतात."

अदहमने तोंडात मूठ घातली. बहीजाने मान वळवून किटलीकडे पाहिलं, नाहीतर तिलाही हसू आवरलं नसतं. तिसऱ्या किटलीला शकीब एकदा या मांडीवर, एकदा त्या मांडीवर बसू लागला. एवढं पाणी पोटात गेल्यावर माणसाला एक घाई होतेच. मुनीफच्या कपाळावरही घाम होता. पण उठेल तो हरेल, म्हणून दोघे बसून राहिले. हट्टाने जे मोडलं होतं, त्याच हट्टाने त्यांना एका खोलीत धरून ठेवलं होतं.

शेवटी शकीबचाच धीर सुटला, पण उठण्याऐवजी त्याने खिशात हात घातला.

"अदहम, माप घ्यायचंय ना? हे घे." रुमालातला कार्बोरेटर त्याने ताटात अक्रोडांशेजारी ठेवला. मग मुनीफकडे तिरका डोळा टाकत दुसऱ्या खिशात हात घातला. "आणि हीही घे."

दुसऱ्या रुमालात कॉइल होती.

"ही कुठून आणलीत, मामा?" अदहमने विचारलं.

"मागेच घेऊन ठेवली होती. बैरूतच्या जुन्या बाजारातून. कुणाच्या दारात भीक मागायला नको म्हणून. आज निरोप आला, तर दोन्ही घेऊनच निघालो." तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "मला कुणाची गरज नाही!"

मुनीफचा चेहरा आधी पडला. मग तो हळूहळू लाल होत गेला. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून वर्तमानपत्राची दोन पुडकी काढली आणि तीही ताटात आपटली. एकात कॉइल होती. दुसऱ्यात कार्बोरेटर.

"मलाही नाही!" तो म्हणाला.

ताटात मनुकांच्या भोवती चार भाग पडले होते. ज्या इंजिनाला एकही नव्हता, त्याला आता दोन-दोन झाले होते. अदहम हसणार होता, पण त्याने आईकडे पाहिलं आणि हसू गिळलं.

बहीजाने किटली खाली ठेवली होती.

"म्हणजे तुमच्या दोघांकडेही सगळं होतं," ती हळूच म्हणाली. "सगळं! फक्त माझ्या गोठ्यापर्यंत चालत यायचं होतं. नाही आलात. का, तर मी म्हणाले असते, भावालाही घेऊन ये. तेवढं ऐकावं लागू नये म्हणून खिशात यंत्र घेऊन फिरलात आणि जमीन पडीक ठेवलीत."

"बहीजा, ऐक..."

"तू ऐक, अबू फारिस! तुम्ही ठेवलीत, कारण तुमची मुलं बाहेरून पैसे धाडतात. माझ्या नवऱ्याने काय केलं? कुदळ मारली. पाठ मोडली तरी मारली. शेवटच्या वर्षी वाकून चालायचा आणि म्हणायचा, तुझ्या भावांना त्रास नको, त्यांचं त्यांचं काहीतरी दुःख असेल. दुःख! रुमालात बांधून ठेवलं होतंत होय रे ते दुःख? आता पोर चाललाय. येत्या बुधवारी. परक्यांच्या चादरी धुवायला. तो गेला ना, तर या टप्प्यांत पुढे काटे उगवतील, आणि तुम्ही दोघे खिडकीत बसून मोजा, कुणाच्या तुकड्यात जास्त उगवले ते!"

ती रडली नाही. रडली असती तर भावांना सोपं गेलं असतं. बायकांना समजावायची त्यांना सवय होती. पण ती तशीच बसली, मग रीत होती म्हणून पाला सारखा केला, पाणी ओतलं, नळी पुसली आणि तुंबा शकीबसमोर धरला. पाळी त्याची होती.

शकीबने तुंबा घेतला. तो फार सावकाश प्यायला. नळी तळाशी गुरगुरली तेव्हा सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. आता तो शब्द म्हणेल, टोपी सारखी करेल आणि निघून जाईल, असं बहीजाला वाटलं. तिने डोळे मिटून घेतले.

"माझं झालं नाही अजून," शकीब म्हणाला आणि तुंबा तिच्या हातात दिला. "पण आता मुनीफला दे. त्याची पाळी आहे."

धाकट्याचं नाव त्याच्या तोंडून इतक्या वर्षांनी निघालं, की मुनीफला ते क्षणभर दुसऱ्या कुणाचं वाटलं. त्याने तुंबा घेतला, दोन घोट घेतले, मग हातातच धरून बहिणीला विचारलं, "मध्ये उठून परसात गेलं तर चालतं का ग? गोल मोडला असा अर्थ होतो का?"

"दोघे एकदम जा," बहीजा म्हणाली. "म्हणजे कुणीच हरलं नाही."

गेले. एकामागोमाग एक, थोरला पुढे.

ते परत येईपर्यंत अदहमने चारही भाग दारातल्या उजेडात मांडले होते. वाटणीतला मूळचा कार्बोरेटर शकीबने कधी उघडलाच नव्हता. आत राहिलेल्या पेट्रोलने वाटी पांढरी पडून आरपार चिरली होती. मुनीफच्या मूळच्या कॉइलची तार घुशीने कुरतडली होती आणि तिचा लाखेचा थर बोट लावताच पापुद्र्यासारखा सुटत होता.

"बाबांची दोन्ही गेली," अदहम म्हणाला. "तुम्ही वाटून घेतलेलं काहीच चालत नाही."

दोघा भावांनी माना खाली घातल्या. बापाची वस्तू सांभाळता आली नाही, ही लाज भांडणाहून मोठी होती.

"आणि विकत आणलेली?" मुनीफने विचारलं.

अदहमने शकीबची कॉइल उचलली. गोठ्यात जाऊन ती चाकाशेजारी बसवली, चाक आणि कॉइल यांच्यात सिगारेटच्या पाकिटाचा कागद सरकवून फट धरली, स्क्रू आवळले. प्लग बाहेर लोखंडावर टेकवला आणि दोरी ओढली. निळी ठिणगी टचकन उडाली.

"ही चालते! शकीबमामाने आणलेली." मग त्याने मुनीफचा कार्बोरेटर तोंडाशी लावून पाहिला. एक भोक केसभर कमी पडत होतं, ते कानशीने वाढवलं. पॅकिंगसाठी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. "आणि हा बसतो. मुनीफमामाने आणलेला."

शकीबने कॉइलकडे पाहिलं, मग कार्बोरेटरकडे.

"म्हणजे मी आणली त्याच्यावाचून अडू नये म्हणून..."

"आणि मी आणला तुझ्यावाचून अडू नये म्हणून," मुनीफ म्हणाला. या बोलण्यात मधे बहीण नव्हती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"तरी अडलंच," बहीजा म्हणाली. "बरं झालं. आता ओढा दोरी."

अदहमने ओढली. इंजिन शिंकलं आणि गप्प झालं. पुन्हा ओढली. काही नाही.

"चोक पूर्ण ओढ," शकीब म्हणाला.

"पूर्ण नको, निम्मा!" मुनीफ म्हणाला. "बाबा निम्माच ओढायचे."

"थंडीत पूर्ण ओढायचे. मी त्यांच्याबरोबर होतो, तू शाळेत होतास."

"मग बाबांनाच बोलवा ना," मुनीफ म्हणाला. "आपल्यात माणूस गेला की लगेच दुसऱ्या घरी जन्मतो ना, मग गेले त्याच दिवशी कुठेतरी जन्मले असतील, आता मिसरूड फुटलं असेल. कुठल्या गावात आहेत शोधा आणि विचारा, चोक किती ओढायचा ते."

शकीब आधी गंभीर राहिला. मग त्याचं पोट हललं, खांदे हलले, आणि तो भिंतीला हात टेकून असा हसला की टोपी पडली. मुनीफनेच ती उचलून झटकली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

अदहमने चोक निम्म्याहून थोडा जास्त ओढला आणि सगळा जोर लावून दोरी खेचली. इंजिन खोकलं, काळा धूर सोडला, दोनदा मेलं असं वाटलं, आणि मग धडधडू लागलं. गोठ्यातल्या कोंबड्या बाहेर पळाल्या. बहीजाने कानांवर हात ठेवले, पण ते ऐकू येऊ नये म्हणून नव्हे. आपल्याला काय झालंय ते कुणाला दिसू नये, म्हणून तिला हात कुठेतरी ठेवायचे होते.

ऊन उतरायच्या आत त्यांनी टिलर मधल्या टप्प्यावर उतरवला. अदहमने मुठी धरल्या आणि आईच्या तुकड्यात पाती टेकवली. माती सुटत गेली, आतून काळी आणि ओली. पण वळायला जागा नव्हती. एवढं लांब यंत्र त्या अरुंद टप्प्यावर मधेच वळत नाही, टोकापर्यंत न्यावंच लागतं. पुढे मुनीफचा तुकडा होता, त्याच्या पुढे शकीबचा, आणि त्या दोघांच्या मध्ये हद्दीचा दगड होता.

भांडण याच दगडावरून झालं होतं. शेवटच्या वसंतात मुनीफ टिलर चालवत असताना पात्याने दगड हलला, आणि तो सारखा करताना वीतभर इकडे की तिकडे गेला, यावर दोन घरं तुटली.

दगडापाशी अदहमने क्लच दाबला. इंजिन रिकामं धडधडत राहिलं. त्याने एका मामाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

मग शकीब वाकला, दोन्ही हातांनी दगड हलवून हलवून मातीतून उपटला आणि पोटाशी धरून उभा राहिला. म्हातारा माणूस, दगड जड, त्याचा श्वास फुलला होता.

"आता कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

"ठेव त्या गडग्यावर," मुनीफ म्हणाला. "आणि कंबर सांभाळ. जागा माझ्या लक्षात आहे."

"माझ्याही लक्षात आहे."

"मग झालं तर."

शकीबने दगड गडग्यावर ठेवला आणि हात झटकले. अदहम टिलर घेऊन सरळ पुढे गेला, एका मामाच्या मातीतून दुसऱ्याच्या मातीत. मागे एकच लांब काळा पट्टा राहिला. मुनीफ पुढे धावत जाऊन वाटेतले खडे वेचू लागला, आणि शकीब मागून ओरडत राहिला, हळू, अक्रोडाचं मूळ आहे तिथे, हळू!

बहीजा टप्प्याच्या कडेला बसून होती. इंजिन चाललं होतं. पण बुधवार अजून तिच्या छातीवर तसाच बसला होता. तिने मुलाला काही विचारलं नव्हतं आणि विचारायचा तिला धीरही नव्हता. तिकिटाचं काय, हे विचारलं आणि तो गप्प राहिला, तर? थांबतो म्हणाला होता खरा, पण पोरं आईसमोर बरंच काही म्हणतात.

टोकाला पोचून अदहमने इंजिन बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की खालच्या ओढ्याचं पाणी ऐकू आलं. त्याने बाहीने कपाळ पुसलं, त्यावर काळं ओढलं गेलं, आणि कमरेवर हात ठेवून तो मातीकडे पाहत राहिला.

"आई," तो तिथूनच म्हणाला, "ऑगस्टमध्ये या टोकाला सावली कधी येते गं? टोमॅटो इथे लावायचे की वरच्या टप्प्यात?"

बहीजाला उत्तर येत होतं. लहानपणापासून येत होतं. पण जो बुधवारी जाणार असतो, तो ऑगस्टची सावली विचारत नाही, आणि तिने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं.

"दुपारच्या जेवणानंतर येते," शकीबने तिच्याऐवजी सांगितलं.

"जेवणानंतर कसली? चारला!" मुनीफ म्हणाला. "अक्रोड वाढलाय आता, तू खाली उतरलाच नाहीस कधी, तुला काय ठाऊक?"

"अक्रोड वाढला म्हणून तर सावली लवकर येते, गाढवा!"

"गाढव कोण? इकडे ये, इथे उभा राहा आणि दाखव मला सूर्य कुठून येतो ते!"

बहीजाने त्याच ओढणीने डोळे पुसले आणि दोघांना खुशाल भांडू दिलं.